एकाच अंगणातले दोघे भाऊ : एक निघाला, एक थांबला. हा स्वभावाचा फरक मानावा का?

प्रश्न : पंचगंगाकाठ

नमस्कार. मी मूळचा शिरोळ तालुक्यातील पंचगंगेकाठच्या एका गावचा असून नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहतो. गेली काही वर्षे मनात असलेला एक प्रश्न येथे मांडतो आहे, कारण पावसाळा आला की तो प्रश्न आमच्या घरात पुन्हा उभा राहतो.

आमचे घर आणि काकांचे घर एकाच अंगणात, समोरासमोर आहे. दोन्ही घरांचे जोते सारख्याच उंचीचे आहे, दोन्ही घरी दावणीला जनावरे आहेत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गावात दवंडी फिरली तेव्हा दोघा भावांनी ती एकाच वेळी ऐकली. काकांनी त्याच दुपारी म्हशी हातकणंगल्याच्या पाहुण्यांकडे पोहोचवल्या आणि संध्याकाळपर्यंत घराला कुलूप लावले. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, मात्र हलले नाहीत. आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर तेलरंगाची एक रेघ आहे. २००५ च्या पुरात पाणी जोत्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन तेथूनच ओसरले होते, त्याची ती खूण. त्या रेघेकडे बोट दाखवून आबा म्हणाले, "पाणी काय पहिल्यांदा बघालोय व्हय? हितनं वर न्हाई येत."

त्या रात्री त्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि दर तासाला बॅटरी घेऊन ती पाहायला ते बाहेर जात राहिले. काठी बुडाली की ती उपटायची आणि दोन पावले मागे घेऊन पुन्हा रोवायची, असे त्यांनी चार वेळा केले, हे आईने मला नंतर सांगितले. पाचव्या वेळी काठी रोवायला अंगणच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघांना बोटीने बाहेर काढले. दोघेही सुखरूप आहेत, पण एक रेडकू गेले आणि त्याविषयी आई आजही बोलत नाही.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला, तेव्हा मी स्वतः गावी जाऊन, अक्षरशः भांडून त्यांना बाहेर काढले. सगळे गाव म्हणते, की थोरला हट्टी आणि धाकटा भित्रा. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. संकटाच्या वेळी घर सोडायचे की नाही, हे माणसाच्या स्वभावावर खरोखर किती अवलंबून असते? आणि ते स्वभावावरच असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी नेमके काय बोलावे?

उत्तर : राजारामपुरी पाचवी गल्ली

मी अनेक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. आपला प्रश्न वाचून प्रथम त्या काठीबद्दल लिहावेसे वाटते. ज्याला धोका दिसत नाही किंवा जो बेफिकीर आहे, असा माणूस रात्रभर दर तासाला उठून पाण्याची मोजणी करत नाही. आपले वडील धोक्याकडे डोळे लावून बसले होते. फक्त त्यांची मोजपट्टी २००५ ची होती. १९६२ मध्ये रॉबर्ट केट्स या भूगोलज्ञाने अमेरिकेतील पूरपट्ट्यात राहणाऱ्या लोकांचा अभ्यास करून असे निरीक्षण नोंदवले होते, की ही माणसे आपल्याच अनुभवाच्या कैदेत असतात. जेवढा पूर पाहिला, त्याहून मोठ्या पुराची कल्पना ती करू शकत नाहीत. कोल्हापुरात २०१९ साली हेच घडले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्या शहरातही ज्यांनी २००५ चे पाणी पाहिले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी त्याच हिशोबाने सामान फक्त माळ्यावर चढवले आणि स्वतः खालीच राहिले.

आता स्वभावाविषयी. मानसशास्त्रात स्वभाव साधारण पाच अंगांनी मोजतात : नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, नेटकेपणा व जबाबदारी, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंता करण्याकडचा कल. यांपैकी कोणत्या अंगाची माणसे लवकर घर सोडतात याचे ठाम उत्तर मिळाले असते तर फार सोयीचे झाले असते, परंतु ते मिळत नाही आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. एकच गुण माणसाला दोन्ही दिशांना ओढू शकतो. जबाबदार माणूस कागदपत्रे, औषधे, वैरण आधीच बांधून ठेवतो आणि म्हणून लवकर निघू शकतो. आणि तोच जबाबदार माणूस घर, गोठा व शेजाऱ्याने विश्वासाने दिलेली किल्ली राखण्यासाठी सर्वांत शेवटी थांबतो. चिंता करणारा माणूस पहिल्या भोंग्यालाच निघतो, किंवा ती चिंता असह्य होते म्हणून बातमीच खोटी मानून बसतो. लोकांत मिसळणाऱ्या माणसाला बातमी लवकर कळते, पण चार जण थांबले की तोही त्यांच्याबरोबर थांबतो.

त्यातल्या त्यात अधिक अभ्यासलेली एक कल्पना म्हणजे आपल्या आयुष्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत असे माणसाला वाटते, ती धारणा. ज्युलियन रॉटर यांनी ती मांडली. १९७२ मध्ये जॉन सिम्स आणि ड्युएन बाउमन यांनी इलिनॉय आणि अलाबामा या दोन अमेरिकी राज्यांतील लोकांची चक्रीवात, म्हणजे टोर्नेडोविषयीची वृत्ती तपासली. इलिनॉयमधील लोक आपल्या कृतीवर अधिक भरवसा ठेवणारे आणि रेडिओवरील इशारा ऐकून हालचाल करणारे आढळले, तर अलाबामातील लोक दैवावर अधिक विसंबणारे आणि स्वतः आभाळाकडे पाहून ठरवणारे आढळले. अलाबामासारख्या दक्षिणेकडील राज्यांत टोर्नेडोने अधिक माणसे का मरतात, याचे स्पष्टीकरण त्यांनी या फरकात शोधले. पुढे त्यावर टीका झाली, कारण घरांची बांधणी, रात्री येणारी वादळे यांसारखी कारणे स्वभावाइतकीच किंवा त्याहून प्रबळ असू शकतात. मला ती टीका योग्य वाटते. १९९१ मध्ये अर्ल बेकर यांनी अमेरिकेतील सागरी चक्रीवादळांच्या वेळी झालेल्या स्थलांतरांचा आढावा घेतला, तेव्हाही राहण्याच्या जागेचा धोका, अधिकाऱ्यांचा स्पष्ट आदेश, घर किती भक्कम आहे आणि आपल्याला स्वतःला धोका आहे असे वाटते की नाही, याच गोष्टी वरचढ ठरल्या.

म्हणून माझे मत असे, की माणूस निघेल की थांबेल हे केवळ स्वभावावरून सांगता येत नाही. मात्र कोणाच्या बोलण्याने आणि कोणत्या शब्दांनी तो हलेल, हे स्वभावावरून बरेचसे कळते. आबांसारख्या मोजणी करणाऱ्या माणसाला "घाबरा, निघा" असे सांगून उपयोग नाही. त्यांना आकडा द्यावा लागेल, आणि तो आकडा पाणी येण्याच्या आधी, उन्हाळ्यात द्यावा लागेल.

उत्तर : नावाडी

मी २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत बोटीवर स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण बोटीतून जे दिसते ते थोडे निराळे आहे, म्हणून लिहितो.

आम्हाला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य "आम्ही येत नाही" हे नसते. "पुढच्या फेरीला येतो" हे असते. पुढच्या फेरीला तोच माणूस पुन्हा तेच सांगतो, आणि मग अंधार पडतो. अंधारात विजेच्या तारा, कुंपणाचे खांब, बुडालेले ट्रॅक्टर काही दिसत नाही, प्रवाहाचा अंदाज येत नाही, आणि उशिरा निघणाऱ्यांची सगळी गर्दी एकाच बोटीवर होते. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी लोकांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे जीव गेले, ते या भागातील कोणीही विसरलेले नाही. त्यामुळे उशिरा घेतलेला निर्णय फक्त घेणाऱ्याच्या जिवावर बेतत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे.

आता एक घर सांगतो. गावाचे नाव देत नाही. साधारण पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ माडीच्या खिडकीत उभा राहून आम्हाला दोनदा परत पाठवत होता. बोटीतील सगळे त्याला हटवादी ठरवून मोकळे झाले होते. तिसऱ्या फेरीला आमच्यातील एका वयस्क सहकाऱ्याने त्याला निघण्याचा आग्रह केलाच नाही. त्यांनी फक्त विचारले, "दादा, काय अडलंय?" तो काही क्षण गप्प राहिला आणि मग खिडकीतून वाकून, शेजारच्या माडीवर ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. मागच्या पुरात तिला ज्या शाळेत ठेवले, तेथील शौचालय चार पायऱ्या उतरून, खाली बसून वापरण्याचे होते. तीन दिवस तिने पाणी पिणेच बंद केले होते, आणि पुन्हा तेथे नेऊ नकोस अशी शपथ तिने त्याला घातली होती. सहकाऱ्याने फोनाफोनी केली, तळमजल्यावर खोली असलेल्या एका कार्यालयात कमोडची खुर्ची आणि आडोशाला पडदा मिळेल असे कळले, आणि अर्ध्या तासात ती माउली चादरीच्या झोळीतून बोटीत आली. चौकशीच्या त्या एका वाक्याला आम्ही दोन फेऱ्या उशीर केला होता.

ओडिशाचे उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचे वाटते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांच्या घरात राहिली. चौदा वर्षांत तेथील माणसांचे स्वभाव बदलले असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात पक्के निवारे उभे राहिले, इशारे वेळेवर मिळू लागले आणि दारोदार जाऊन सांगणारी ओळखीची माणसे तयार झाली.

आणि आपल्याकडचे चिखली, आंबेवाडी पाहा. १९८९ च्या पुरानंतर त्या गावांसाठी सोनतळीला जागा देण्यात आली, तरी पुष्कळ कुटुंबे जुन्या गावातच राहिली. बाहेरचे लोक त्यांना हट्टी म्हणतात. पण शेत, गोठा आणि दूध घालण्याची वेळ ज्याच्या गळ्यात आहे, त्याला शेतापासून दूरचे घर रोज किती महाग पडते याचा हिशोबही करावा.

उत्तर : वाडीची सून

मी नृसिंहवाडीजवळ राहते. वरच्या दोन्ही प्रतिसादांत माणूस एकटा निर्णय घेतो असे गृहीत धरलेले दिसते. आमच्या घरात २०१९ मध्ये निघायचे की नाही याचा निर्णय सासऱ्यांनी घेतला. माझा स्वभाव भित्रा आहे की धीट, याला तेथे काहीच किंमत नव्हती. मी दोन मुलांचे कपडे, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले सकाळीच पिशवीत भरून पिशवी दाराआड ठेवली होती, आणि ती संध्याकाळपर्यंत तेथेच होती. परदेशांतील पाहण्यांत घर सोडण्याकडे बायकांचा कल पुरुषांपेक्षा अधिक दिसतो, असे मी वाचले आहे, आणि ते मला खरे वाटते. पण कल असणे वेगळे आणि कडी काढण्याचा अधिकार असणे वेगळे. ज्या घरात पिशवी भरणारी आणि निर्णय घेणारा ही दोन वेगळी माणसे असतात, तेथे स्वभाव कोणाचा मोजायचा?

दुसरे म्हणजे, आमच्याकडे पाणी वाढणे हे निव्वळ संकट मानले जात नाही. कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारातून वाहू लागले, की त्या स्नानासाठी लांबून लोक येतात. ज्या माणसाने आयुष्यभर वाढत्या पाण्याला हात जोडले, त्याला ते पाणी शत्रू आहे असे एका रात्रीत पटत नाही, आणि त्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवले तर तो अधिकच घट्ट बसतो. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात मागे राहिलेल्या लोकांविषयी निकोल स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बाहेरून पाहणाऱ्यांना ते लोक आळशी आणि निष्क्रिय वाटले होते. स्वतः ते लोक मात्र देवावरील श्रद्धा, मनाचा खंबीरपणा आणि एकमेकांची काळजी यांविषयी बोलत होते. तो अभ्यास वाचताना मला सासऱ्यांची आठवण झाली.

त्यांना शेवटी कशाने हलवले, ते सांगते. संध्याकाळी गल्लीतील एक वृद्ध गृहस्थ आले, जे आयुष्यभर देवळात सेवा करत आले आहेत. त्यांनी पुराचे नाव काढले नाही. ते एवढेच म्हणाले, "पाणी वाढलं की महाराजांची उत्सवमूर्ती आपण वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतो का नाही? देव जागा सोडतो तर आपण बसून राहायचं, हे बरं दिसतं का?" सासरे उठले, देव्हाऱ्यातील टाक त्यांनी स्वतः फडक्यात बांधले आणि मला म्हणाले, "ती पिशवी कुठाय?" म्हणजे ती पिशवी त्यांना सकाळपासून ठाऊक होती.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. पंचगंगाकाठ, आपल्या आबांना आकडा द्यायचा असेल तर फक्त राजाराम बंधाऱ्याचा देऊ नका. तो कोल्हापूर शहरासाठी ठीक आहे. शिरोळ तालुक्यात पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे तुंबते. त्यामुळे वर पाऊस थांबला, बंधाऱ्यावर पाणी उतरू लागले, तरी आमच्याकडे ते चढत राहते आणि दिवसेंदिवस उभे राहते. बरीच माणसे कोल्हापूरचा आकडा उतरल्याची बातमी ऐकून निर्धास्त होतात आणि त्याच दिवशी अडकतात.

प्रतिसाद : पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतिसाद मी छापून गावी नेले. आबांना ते वाचून दाखवण्याचा विचार होता, पण नावाडी यांनी लिहिलेले वाचल्यावर तो बाजूला ठेवला आणि रविवारी दुपारी गोठ्यात त्यांच्याजवळ बसून फक्त विचारले, की २०१९ ला तुमचे काय अडले होते.

त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. म्हशीच्या पाठीवरचा चिखल खराऱ्याने काढत राहिले. मग जे सांगितले, ते मला या वयापर्यंत माहीत नव्हते. २००५ मध्ये ते निघाले होते. पहिल्याच दिवशी, आईला आणि आम्हा मुलांना घेऊन, गावात सर्वांच्या आधी. मी तेव्हा लहान असल्याने आजोळी राहिल्याचे तेवढे मला आठवते. त्यामागे पूर होता हे कधी कोणी सांगितले नाही. पाणी दुसऱ्या पायरीवरून परत गेले. मधल्या चार दिवसांत नदीवरच्या आमच्या मोटारीची केबल कोणीतरी कापून नेली. आणि पुढचे वर्षभर पारावर बसले की कोणी ना कोणी त्यांना विचारायचे, "काय पाटील, आभाळ भरलंय, बांधलं का गाठोडं?" ती तेलरंगाची रेघ त्यांनी त्याच वर्षी मारली. मी तिला पुराची खूण समजत होतो. त्यांच्या लेखी ती, आपण विनाकारण पळालो याची खूण होती.

प्राध्यापिकाबाईंनी स्वभावाविषयी जे लिहिले, ते मला येथे नीट कळले. गाव ज्याला आज हट्टी म्हणते, त्यालाच २००५ नंतर घाबरट म्हणत होते, आणि माणूस तोच होता. २००५ ला थांबलेले काका २०१९ ला आधी निघाले, कारण मधल्या काळात त्यांची नात जन्माला आली होती. हे काकांनीच मला त्या संध्याकाळी सांगितले. दोघा भावांनी पूर, केबल आणि पारावरची ती थट्टा यांविषयी एकमेकांशी कधी शब्दही काढला नव्हता.

या वर्षीसाठी जे ठरले ते लिहून ठेवतो, म्हणजे कोणाला उपयोग झाला तर होईल. राजाराम बंधारा आणि नृसिंहवाडी येथील कृष्णेची पातळी, दोन्ही आकडे मी रोज सकाळी आणि संध्याकाळी काकांना कळवायचे, आणि आबांना ते काकांनी सांगायचे, कारण माझ्या तोंडून ऐकले की त्यांना तो उपदेश वाटतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले, किंवा वाडीला कृष्णा वेगाने चढू लागली, की त्याच दिवशी उजेडात दोन्ही दावणींची जनावरे हातकणंगल्याला जातील. वैरण आणि पेंड जूनमध्येच तेथे टाकून ठेवायची आहे. मोटार आणि केबल काढून माडीवर ठेवण्याचे काम आबांनी स्वतःकडे घेतले आहे. आईने कागदपत्रांची पिशवी आधीच भरली आहे, आणि ती दाराआड न ठेवता दारावरच्या खुंटीला अडकवली आहे.

निघताना मी त्यांना २०१९ च्या पाण्याची रेघ मारू का, असे विचारले. ती दाराच्या चौकटीच्याही वर येते. आबा म्हणाले, "तू राहू दे, मी मारतो," आणि शिडी धरायला त्यांनी काकांना हाक मारली.